तळ्यातल्या माशांसाठी स्वस्त खाद्य: काही महिने वापरल्यावर माझं मत

तळ्यातल्या कोई (शोभेचे रंगीत कार्प मासे) आणि गोल्डफिश हातभर वाढल्या की खाद्याचा खर्च चांगलाच जाणवायला लागतो. छोट्या डब्यांतलं नावाजलेलं खाद्य परवडेना, म्हणून मी साध्या पिशवीत मिळणाऱ्या तपकिरी फ्लोटिंग, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या, दाण्यांवर आले. गरम दिवस, थंडीचे दिवस, मधला अधूनमधून ढगाळ काळ, सगळं या खाद्यावर काढून झालं आहे. त्याआधी आणखी दोन स्वस्त पर्यायही वापरून पाहिले होते, त्यामुळे तुलना करता येते.

हे खाद्य मी अजूनही वापरते आहे आणि बदलायचा विचार नाही. मात्र ते स्वस्त पडतं ते किलोच्या दरामुळे नव्हे. पाण्यात टाकलेला जवळजवळ प्रत्येक दाणा माशाच्या पोटात जातो, म्हणून ते स्वस्त पडतं.

आधीचे लाल-हिरवे-पिवळे दाणे किलोमागे याहूनही कमी दराचे होते. ते का सोडले ते सांगते. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात चार दाणे टाका आणि बघत राहा. रंगीत दाण्यांचं पाणी लगेच गुलाबीसर झालं, थोड्या वेळात दाणे फुगून फुटले आणि तळाशी भुगा बसला. तपकिरी दाणेही फुगले, पण गोलच राहिले, बोटांनी दाबल्यावर स्पंजासारखे दबले. तळ्याकाठी बसून जवळून पाहिलं तरी हाच फरक दिसतो. कोईला जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. दाणा आत ओढून ती तिथे चावते. ठिसूळ दाणा चावला की कल्ल्यांतून पिठाचा ढग बाहेर येतो. तो ढग माशाला मिळत नाही, तो थेट फिल्टरमध्ये जातो. रंगीत दाण्यांच्या काळात फिल्टरचा स्पंज सतत बुळबुळीत व्हायचा, सारखा धुवावा लागायचा. आता धुण्याचं अंतर खूप वाढलं आहे.

दुसरा पर्याय होता मत्स्यशेतीचं पोतं. दर पाहून मोह होतोच, आणि ते खाद्य वाईट असतं असंही नाही. पण ते मातीच्या तलावासाठी बनवलेलं असतं. तिथे माशांना प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), किडे, अळ्या असं बरंच काही आयतं मिळतं आणि खाद्य हा वरचा पूरक घास असतो. आपल्या अस्तर घातलेल्या किंवा सिमेंटच्या तळ्यात, फिल्टरच्या स्वच्छ पाण्यात तसं काही नसतं. जीवनसत्त्वांपासून सगळं त्या दाण्यातूनच मिळायला हवं. शिवाय पोतं एवढं मोठं की संपेपर्यंत त्यातली चरबी खवट होते. तो वास एकदा आला की मी ते माशांना घालत नाही.

लेबल वाचायची सवय मात्र लावून घ्याच. माझ्या पिशवीवर प्रोटीन 32 टक्के आहे. मोठ्या कोई-गोल्डफिशना साधारण 30 ते 35 टक्के पुरतं, झपाट्याने वाढणाऱ्या पिल्लांना 40 च्या आसपास लागतं. जास्त प्रोटीन म्हणजे जास्त चांगलं, असं सरसकट धरू नका. प्रोटीनमध्ये सुमारे 16 टक्के नायट्रोजन असतो. अंगी न लागलेल्या प्रोटीनमधला बराचसा नायट्रोजन अमोनिया होऊन कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो. म्हणजे महाग प्रोटीन विकत घ्यायचं आणि मग फिल्टरला कामाला लावायचं. आणि लेबलवरचा आकडा नायट्रोजन मोजून काढलेला असतो, त्यातलं पचणारं किती हे त्यावरून कळत नाही. म्हणून घटकांच्या यादीत पहिलं नाव कशाचं आहे ते मी आधी पाहते. फिशमील (वाळवलेल्या माशांची भुकटी) पहिलं असेल तर उत्तम, सोयाबीन दुसरं असलं तरी माझी हरकत नाही. नुसतं 'धान्य व उपपदार्थ' लिहिलं असेल तर मी पिशवी परत ठेवते.

लेबलवरच्या ॲशच्या (खाद्य जाळल्यावर उरणारी राख, म्हणजे त्यातली खनिजं) आकड्याकडे फारसं कोणी पाहत नाही, पण माझ्या मते तळ्यासाठी तो महत्त्वाचा आहे. कोई आणि गोल्डफिशना जठरच नसतं. जठरातलं आम्ल नसल्यामुळे फिशमीलमधल्या हाडांचा फॉस्फरस त्यांना नीट वापरता येत नाही आणि तो पाण्यात येऊन शेवाळाला खत मिळतं. त्यामुळे सारख्या दरातल्या दोन पिशव्यांपैकी कमी ॲश असलेली मी उचलते. जठर नसण्याचा दुसरा परिणाम असा की एकदम भरपूर खाल्लेलं साठवून ठेवायला जागा नसते. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं घालणं त्यांना मानवतं. चार-पाच मिनिटांत संपेल एवढंच घालते, उरलेले दाणे जाळीने काढते. फ्लोटिंग दाण्यांचा खरा फायदा इथेच आहे, उरलेलं डोळ्यांना दिसतं. कोणता मासा वर आला नाही तेही तेव्हाच लक्षात येतं.

रंगाबद्दल खरं सांगायचं तर या खाद्याने तांबडा रंग थोडा फिका राहिला. मासे कॅरोटिनॉइड, म्हणजे तांबडा-पिवळा रंग देणारी द्रव्यं, स्वतः तयार करू शकत नाहीत, ते खाण्यातूनच यावे लागतात आणि या दाण्यांत ते बेताचेच आहेत. यासाठी सगळं खाद्य महागाचं घेण्याची गरज मला वाटली नाही. स्पिरुलिना (कॅरोटिनॉइड असलेलं सूक्ष्म निळं-हिरवं शेवाळ) असलेले दाणे थोडे आणते आणि दिवसातल्या एका खेपेला तेच घालते. काही आठवड्यांत फरक दिसला. हे मात्र बेतानेच, कारण रंगाचं खाद्य जास्त झालं की कोईचा पांढरा भाग पिवळसर दिसायला लागतो.

कडाक्याच्या थंडीत मात्र हे खाद्य चालत नाही. पाणी 15 अंशांच्या खाली उतरलं की मी गव्हाच्या अंकुराचे हलके दाणे थोडेसेच घालते आणि 10 अंशांच्या खाली काहीच नाही. मासे काठाशी येऊन तोंड उघडतात, जीव तुटतो, पण तेव्हा त्यांचं पचन फार मंदावलेलं असतं. तापमापक पाण्यात बुडवून ठेवलेला बरा, हवेच्या गारव्यावर भरवसा ठेवू नका.

पिल्लांसाठीही हे दाणे मोठे पडतात. त्यांच्यासाठी बारीक दाण्यांची वेगळी पिशवी घ्यावी लागते.

पिशवीचा आकार निवडताना दोन-तीन महिन्यांत संपेल एवढीच घ्या. उघडल्यावर हवा आणि उजेड लागून आधी व्हिटॅमिन सी कमी होत जातं. मी आठवड्यापुरते दाणे छोट्या डब्यात काढते आणि बाकीची पिशवी हवाबंद करून थंड, कोरड्या जागी ठेवते, तळ्याशेजारच्या दमट कोपऱ्यात नाही. बुरशीचा ठिपका दिसलेले दाणे वेचून वापरू नका, ती पिशवी टाकूनच द्या.