मणक्यातला 'गॅप' आणि आमच्या डोंबिवलीतलं फिजिओ क्लिनिक : चार स्टार, एक जिन्यासाठी कापला

वय ५२. जानेवारीत गॅसचा सिलिंडर सरकवला आणि कंबर धरली ती धरलीच. आधी दुसरीकडे दाखवलं, तिथे एमआरआय, रिपोर्टवर एल४-एल५ आणि एल५-एस१ डिजनरेशन (म्हणजे कंबरेच्या मणक्यांमधल्या खालच्या दोन गाद्यांची झीज), आणि दोन मिनिटांत निकाल, मणक्यात गॅप आलाय, वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, बेल्ट कायम. झालं! तीन आठवडे मी पलंगावर आणि ७८ वर्षांच्या सासूबाई मला चहा हातात आणून देतायत, लाज वाटायची हो.

मग शेजारच्या काकूंनी हे क्लिनिक सांगितलं. इथल्या मॅडमनी रिपोर्ट ठेवला बाजूला, फिल्म खिडकीला धरली, म्हणाल्या वरच्या गाद्या पांढऱ्या दिसतायत ना, त्यात पाणी आहे, खालच्या दोन काळ्या, त्यांचं पाणी कमी झालंय, वयाने होतंच. काहीच दुखत नसलेल्या पन्नाशीच्या लोकांचे एमआरआय काढले तरी शंभरात ऐंशी जणांना अशी झीज दिसते म्हणे. म्हणजे मी फक्त ५२ ची आहे, एवढंच!

शेकाचं मशीन दहाच मिनिटं, ते पण 'बरं वाटावं म्हणून', असं स्वतःच सांगतात. बाकी सगळा व्यायाम. गुडघे मोडून कंबर उचलताना मी श्वास धरून ठेवायचे, म्हणून मोठ्याने आकडे म्हणायला लावले, तर पडद्यापलीकडचे आजोबा पण माझ्याबरोबर मोजायला लागले, सातवर दोघंही हसलो. बेल्ट हळूहळू सुटला. कंबर अजून कधीकधी कुरकुरते, पण चालते, वाकते, भाजी आणते.

एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी बजावली, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागी बधिर वाटलं, पाऊल उचलेना, तर माझ्याकडे येऊ नका, तडक हॉस्पिटल गाठा.

सिटिंगचे ५००. आठ झाल्यावर म्हणाल्या आता घरीच करा, पॅकेज वगैरे गळ्यात मारलं नाही.

तक्रार एकच, कंबरदुखीचं क्लिनिक आणि दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही!! पहिल्या दिवशी मी प्रत्येक वळणावर थांबत चढले. संध्याकाळी जाम गर्दी असते, दुपारी जा, आणि नुसता रिपोर्ट नको, फिल्म पण न्या.