घरी गुंडाळलेला लूप अँटेना: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात मीडियम वेव्हवर पुणे केंद्र (७९२ किलोहर्ट्झ) ऐकायचं तर दोन अडचणी. हवाई अंतर सव्वातीनशे किलोमीटर, आणि डायलवर शेजारीच ७६५ वर धारवाड. ते इथून साठ किलोमीटरच्या आत, त्यामुळे साध्या ट्रान्झिस्टरवर पुण्यावर धारवाड चढतं. बाबांना सकाळी ७.१० च्या मराठी बातम्या लागतातच. म्हणून दिवाळीत लूप बांधला: दोन फुटांची लाकडी चौकट, तांब्याच्या वायरचे बारा वेढे, जुन्या रेडिओतला गँग कंडेन्सर (स्टेशन लावायला फिरवतात तो भाग). रेडिओ नुसता जवळ ठेवायचा, कंडेन्सर फिरवून स्टेशन जुळवायचं.

खरी कमाल दिशेची आहे. चौकटीच्या कडेच्या बाजूने येणारं स्टेशन जोरात लागतं, सपाट बाजूसमोरचं दबतं. आम्हाला धारवाड पूर्वेला, जरा दक्षिणेकडे. पुणे जवळपास उत्तरेला. सपाट बाजू धारवाडकडे वळवली की पुणे मोकळं होतं. निपाणीकरांना मात्र हे जमणं कठीण, तिथून दोन्ही केंद्रं जवळजवळ एका रेषेत येतात. एलईडी बल्ब आणि चार्जरची खरखरही अशीच फिरवून कमी करता येते. लाईट गेली की तर खरखर थांबून आवाज इतका स्वच्छ येतो की बाबा खूश!

ऋतूचा फरक मात्र लूप पुसू शकत नाही. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा बातम्या खणखणीत. मे महिन्यात तो सहालाच वर येतो आणि ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा डी थर (उन्हाने तयार होणारा हवेचा विद्युतभारित थर) तोवर तयार होऊन आकाशाकडे गेलेल्या, एरवी वरून परतून लांबवर पोचणाऱ्या लहरी शोषून घेतो. उरते जमिनीलगतची लहर, तीही एवढ्या अंतरात क्षीण झालेली. लूप असला तर कान देऊन कळतं, नसला तर काहीच नाही.

रात्री आवाज चढतो-उतरतो, त्यावरही इलाज नाही. वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना जोर देतात, कधी मारतात. वाहक लहरच (जिच्यावर आवाज चढवलेला असतो ती मूळ लहर) पडली की निवेदकाचा आवाज फाटतो. वळवाच्या दिवसांत विजांचा कडकडाट वेगळाच.

जुलैत लाकूड फुगलं, वेढे सैलावले आणि कंडेन्सरची खूण सरकली. बांधणार असाल तर पीव्हीसी पाइपची चौकट करा, आणि त्याआधी नकाशावर तुमच्या गावापासून दोन्ही केंद्रांकडे रेषा ओढून कोन बघा.