कोटिक्यूल की सिंथेटिक? वस्तऱ्याच्या दगडांचा दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या सप्टेंबरपासून दाढी फक्त वस्तऱ्यानेच करतोय. एक दिवसाआड धरली तरी दीडशेच्या आसपास दाढ्या झाल्या. त्यामुळे धार लावायच्या दगडांबद्दल आता काही ठामपणे सांगता येईल असं वाटतं.

वस्तरा पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला. रुंदी 5/8 इंच, पातं दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं, मागच्या शेपटीवर झोलिंगेन हे पात्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जर्मन शहराचं नाव कोरलेलं. जर्मनीत 1938 पासून हे नाव कायद्याने त्याच परिसरात बनलेल्या मालाला लावता येतं, पण जुन्या बाजारात कोरीव अक्षरांवर कोण विश्वास ठेवणार? मी पात्यावर नखाने टिचकी मारली, ते लांबट खणखणलं, आणि घेऊन टाकलं. गंज वरवरचा होता. धार मात्र पार मेलेली.

मग माझी पहिली चूक झाली. वाचून वाचून बेल्जियमच्या कोटिक्यूलने वेड लावलं होतं, म्हणून आधी तोच मागवला. आर्देनच्या डोंगराळ भागात, व्हिएलसाल्मच्या आसपास, हा पिवळसर दगड निघतो. त्यात गार्नेटचे बारीक स्फटिक खच्चून भरलेले असतात. आपल्याकडे अंगठीत घालतात तो गोमेद गार्नेटचाच एक प्रकार, म्हणजे हा दगड तसा ओळखीच्या घरातला. स्फटिकांचे कोपरे बोथट असल्यामुळे ते पोलादावर खोल चरे पाडत नाहीत, उथळ खरवडतात. शेवटचा हात फिरवायला हा गुण सोन्यासारखा, पण मेलेली धार उठवायला त्याचा उपयोग नाही. निदान माझ्यासारख्या नवख्याच्या हाती नाही. महिनाभर रोज संध्याकाळी घासत बसलो. पातं आरशासारखं चमकायला लागलं, पण दाढी ओरबाडली जायची ती जायचीच.

आमच्या पेठेतल्या सलूनच्या काकांनी वस्तरा ट्यूबलाइटखाली धरला, धार डोळ्यासमोर उभी केली आणि म्हणाले, “ही बघ बारीक पांढरी रेघ. धार दिसतेय म्हणजे धार नाहीये.” बरोबर होतं. दोन्ही बाजूंचे उतार धारेपाशी भेटलेच नव्हते, मधे सूतभर सपाटी राहिली होती, तिच्यावर उजेड पडत होता.

म्हणून 1000 ग्रिटचा (आकडा जितका मोठा, तितके कण बारीक) साधा सिंथेटिक, म्हणजे कारखान्यात बनलेला, दगड आणला. वस्तरा दगडावर पूर्ण आडवा ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली. कोन हाताने सांभाळावा लागत नाही, पाठीची जाडीच तो ठरवते, दोन्ही बाजू मिळून 16-17 अंशांच्या आसपास. धारेवर मार्करची काळी रेघ ओढली आणि दोन हात फिरवले, तर पात्याच्या मधली शाई गेली, पुढच्या टोकाची तशीच. म्हणजे टोक दगडाला लागतच नव्हतं. मग पातं पुढे नेता नेता तिरकं बाहेर सरकवायला शिकलो. दीड तास लागला. हातावरची लव टोकापासून टाचेपर्यंत, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या भागापर्यंत, सारखी उडायला लागली तेव्हाच थांबलो. माझ्या मते वस्तऱ्याची जवळजवळ सगळी लढाई या एका दगडावर होते. पुढचे सगळे दगड फक्त चरे पुसतात.

त्यानंतर नानिवा या जपानी कंपनीचे 3000, 8000 आणि 12000 ग्रिटचे दगड. या दगडांवर काम कळतं ते पाण्याकडे बघून. सुरुवातीला पातं पुढे सरकतं तेव्हा पाणी धारेपुढे ढकललं जातं. चरे बारीक होत गेले की तेच पाणी धारेखाली न जाता पात्यावर चढायला लागतं, पातळ पडद्यासारखं. 8000 वर हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी श्वास रोखून पुढचे वीस हात मोजले. सिंथेटिकचं मला हेच आवडतं. आकडा लिहिलेला असतो, आज जसा लागला तसाच पुढच्या महिन्यात लागतो, आणि चुकलं तर कुठे चुकलं ते समजतं.

12000 वरून उतरलेली धार अतिशय तीक्ष्ण. खुंट कापल्याचा आवाजही येत नाही. पण पहिल्या दोन दाढ्यांना माझी मान चरचरायची आणि तुरटी फिरवली की झोंबायची. यात दोष दगडाचा नाही, माझा हात जड पडत होता आणि कातडीही नाजूक आहे. तरी त्याच वस्तऱ्यावर शेवटचा हात कोटिक्यूलचा दिला आणि फरक पडला. सोबतच्या छोट्या तुकड्याने दगड घासून दुधासारखा लगदा करायचा, त्यात पन्नासेक हात, मग बोटाने पाण्याचा एक एक थेंब टाकत तो पातळ करत न्यायचा. शेवटी नुसतं स्वच्छ पाणी, आणि हातात वस्तऱ्याचं वजन तेवढंच. घाई केली, लगदा दाट राहिला, तर धार बोथटच राहते. माझे पहिले चार प्रयत्न असेच वाया गेले. जमलं तेव्हा मात्र तुरटी अजिबात झोंबली नाही. तीक्ष्णपणात तो 12000 च्या किंचित मागेच आहे, पण माझ्या मानेला तोच मानवतो. आता सहा-सात आठवड्यांनी एकदा कोटिक्यूलवर दहा मिनिटं, एवढंच.

मधे ते भागतं चामोट्यामुळे, म्हणजे वस्तरा परजायच्या पट्ट्यामुळे. रोज दाढीआधी कापडावर वीस आणि चामड्यावर पन्नास हात. इथे पाठ पुढे, धार मागे, आणि वळवताना पातं पाठीवरच कुशीला वळवायचं. पट्टा ताणून धरलेला हवा. डिसेंबरमध्ये वेग वाढवायच्या नादात पट्टा सैल सोडला आणि चांगली बसलेली धार एका सकाळीत वळली, शिवाय चामड्याला काप गेला तो वेगळा. काका तळहातावर फिरवतात, मी ते धाडस केलेलं नाही. चामोट्यावर लावायची क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्टही वापरून पाहिली. दाढी सफाईदार झाली, पण माझी कातडी रुसली, म्हणून बंद.

दगड सपाट ठेवायचा कंटाळा करू नका. काचेवर 320 चा पॉलिश पेपर ओला करून चिकटवा, दगडावर पेन्सिलीच्या रेघा मारा, सगळ्या पुसल्या जाईपर्यंत घासा. 1000 चा दगड दर वेळी घासावा लागतो, कोटिक्यूल दहा महिन्यांत दोनदाच.

नवीन घेणाऱ्याने आधी 1000 आणि 8000 घ्यावा, बरा चामोटा घ्यावा. कोटिक्यूलच्या किमतीत हे सगळं बसतं. तीन-चार महिन्यांनी लव नीट उडायला लागली आणि तरी मान चरचरत असेल तर कोटिक्यूलकडे वळावं.

आता पावसाळा लागलाय. गेल्या आठवड्यात चामोट्याच्या मागच्या बाजूला बुरशीचे ठिपके दिसले, म्हणून तो बाथरूममधून काढून कपाटाशेजारी टांगलाय. पातं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब लावतो, तरी टाचेपाशी एक तपकिरी डाग आलाच. तो धारेपर्यंत पोचायच्या आत येत्या रविवारी पुन्हा 1000 पासून सुरुवात करावी लागणार.