रोममध्ये देवादिकांची चांदीची नाणी घेताय? आधी हे वाचा

580 युरो गेले. रोख दिले होते, त्यामुळे बँकेने हात वर केले.

नोकरीमुळे रोममध्ये राहतो. रविवारच्या जुन्या बाजारात एका विक्रेत्याकडून तीन डिनॅरियस, म्हणजे प्राचीन रोमची चांदीची नाणी, घेतले. दोन प्रत्येकी 180 ला: पुढे शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, मागे घोड्यांवर कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे देव. तिसरं जुनो मोनेटा या रोमन देवीचं, इ. स. पू. 46 मधलं म्हणून, 220 ला. तो किती गोड बोलला ते लिहीत नाही, या लोकांची तऱ्हा तुम्हाला ठाऊक आहे.

पण एका गोष्टीने अजून डोकं फिरतं. जुळ्या देवांच्या दोन्ही नाण्यांच्या कडेला, अगदी एकाच जागी, एकसारखी चीर होती. मी बोट ठेवून विचारलंसुद्धा! म्हणे, ‘एकाच ठशाची जोडी आहे, म्हणून तर दुर्मिळ.’ अर्धं खरं. ठसा एक असला की चित्र सारखं येतं. कड मात्र हातोड्याच्या घावाने फाटते, ती दर नाण्याला वेगळी. चीरही जुळली तर दोन्ही एकाच नाण्याच्या नकला. बाजाराच्या गर्दीत हे कुणाला सुचलं असतं? लोहचुंबक लावून पाहिला होता मी. चिकटलं नाही. शिसं आणि कथीलही चिकटत नाही, तेव्हा त्या परीक्षेवर जाऊ नका. वजन करा. त्या काळचा डिनॅरियस 3.9 ग्रॅमच्या आसपास असतो, माझी जोडी 2.8 भरली. साच्याचा सांधा घासून काढतात, त्या कानशीच्या खुणा कडेवर भिंगातून शोधा. आणि निर्लज्जपणा बघा, मोनेटाच्या नाण्यामागे ऐरण, हातोडा, चिमटा अशी नाणी पाडायची हत्यारं असतात, अन् माझं नाणं निघालं साच्यात ओतलेलं!

चौकीत म्हणाले, ‘नकली ना? मग विक्रेत्याशी बोला.’ तो जागेवर सापडला असता तर इथे कशाला आलो असतो? दुसऱ्या खिडकीवरचा म्हणतो, ‘अस्सल समजून घेतलीत? जमिनीतून निघालेल्या पुरातन वस्तू सरकारच्या असतात. कागद कुठे आहेत?’ म्हणजे नकली निघाली तर तक्रार घ्यायची नाही, अस्सल निघाली तर चोर मी! तिसऱ्याने अर्ज भरायला लावला, मग फोटो चालणार नाहीत म्हणून परत केला. पोच मागितली तर खांदे उडवले.

नाणं आधी कुणाच्या संग्रहात होतं, कुठल्या लिलावात विकलं गेलं, हे बिलावर लिहून घ्या. मला मिळालेल्या ‘प्रमाणपत्रा’वर ना तारीख, ना पत्ता. माझ्या जोडीवरची चीर घोड्यांच्या तोंडासमोर, उजव्या कडेला आहे. तशीच आणखी एखाद्या नाण्यावर दिसली तर पाकिटाला हात लावू नका.