घरच्या लेथसाठी बांधलेला रोटरी फेज कन्व्हर्टर: आठ महिन्यांनंतर

सिडकोत भाड्याच्या घराच्या पार्किंग शेडमध्ये माझा जुना बटाला लेथ आहे. मोटर दीड एचपी, थ्री फेज. मीटर मात्र सिंगल फेज. घरमालक नवीन कनेक्शनला तयार होईनात, म्हणून दिवाळीनंतर कन्व्हर्टर बांधायला घेतला: एक मोटर सिंगल फेजवर नुसती फिरत ठेवायची, तीच तिसरा फेज तयार करते. आता पावसाळा लागलाय आणि तो जवळजवळ रोज संध्याकाळी दोन तास चालतो.

निफाड-दिंडोरीकडे मळ्यात दोन फेजवर कंडेन्सर लावून पंप चालवतात, तसंच घरी कर, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. पण मळ्यात दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात, घरी फेज-न्यूट्रलमध्ये २३०. त्यामुळे मोटरच्या कॉइलची जोडणी स्टारमधून (तिन्ही कॉइलचं एकेक टोक एकत्र) डेल्टात (तिन्ही कॉइल त्रिकोणात) आणावी लागते. प्लेटवर ४१५ स्टार असेल तरच हे जमतं. ४१५ डेल्टा असेल तर मध्ये ट्रान्सफॉर्मर हवा.

आयडलर (तीच नुसती फिरणारी मोटर) म्हणून जुनी तीन एचपीची, १४४० आरपीएमची मोटर घेतली. आयडलर लेथच्या मोटरच्या निदान दीडपट तरी असावा. आयडलरच्या टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं होती, त्यांना जोडणाऱ्या पत्त्या बदलल्या आणि झालं. लेथच्या मोटरला मात्र तीनच वायरी. सातपूरच्या एका रिवाइंडिंगवाल्या काकांनी कॉइलवरचा दोरा कापला, वार्निश खरवडून आतला स्टारचा जोड उकलला, आणि तीन नवी टोकं स्लीव्ह घालून बाहेर काढली. एकाही तारेला ओरखडा नाही. असं काम करणारा माणूस सापडला तर पैशांची घासाघीस करू नका.

पहिल्याच आठवड्यात स्टार्टचं बटण जास्त वेळ दाबून धरलं आणि स्टार्टिंगचा २०० एमएफडीचा (मायक्रोफॅरडचा) कंडेन्सर फुटला. तो आयडलर फिरता करण्यापुरता, क्षणभरासाठीच असतो. आता टायमर लावलाय. कॉन्टॅक्टर (कॉइलवर चालणारा स्विच, लाइट गेली की आपण सुटतो) तर हवाच: लाइट जाऊन लगेच आली की आयडलर आपण होऊन फिरत नाही, नुसता घुमतो आणि तापतो. कॉन्टॅक्टर सुटला की निदान तो बंद राहतो. त्याची कॉइल थेट फेज-न्यूट्रलवर घ्या, आयडलरने तयार केलेल्या तिसऱ्या फेजवर नको.

खरा वेळ गेला रन कंडेन्सर, म्हणजे चालू असताना कायम जोडलेले कंडेन्सर, जुळवण्यात. मी आधी लेथ बंद ठेवून तिन्ही व्होल्टेज सारखे केले आणि खूश झालो. मग एमएसचा (माइल्ड स्टीलचा) ५० एमएमचा बार फेस केला, म्हणजे त्याचं तोंड सपाट कातलं, तर त्यावर बारीक लाटा. टूल घासलं, स्लाइडची ढिलाई काढणारी गिब पट्टी आवळली, काही फरक नाही. शेवटी कट चालू असताना टोंग टेस्टर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) लावला: दोन वायरींत करंट जवळपास सारखा, तिसरीत निम्माही नाही. लोड आला की तिसऱ्या फेजचा व्होल्टेज बसत होता. मोटरचा जोर असा असमान झाला की ती सेकंदाला शंभर वेळा हादरते, तेच जॉबवर उमटत होतं. मग कट चालू ठेवूनच मापं घेतली, आणि कंडेन्सर बदलताना दर वेळी सगळं बंद करून, ते डिस्चार्ज करून. तेलाचे, ४४० व्होल्टचे, एका बाजूला ४० आणि दुसऱ्या बाजूला ३० एमएफडीवर गाडी जमली. रिकामा चालताना तिसरा फेज आता थोडा चढा दिसतो, तो तसाच असू दे.

एकच मशीन असेल तर व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज देणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) घ्या, आवाजही नाही. माझ्याकडे ड्रिल आणि ग्राइंडरही थ्री फेज आहेत, एका आयडलरवर तिन्ही भागतात. आयडलरची घरघर मात्र रात्री वरच्या मजल्यावर जाते. खाली रबर पॅड टाकलेत, तरी नऊनंतर मी तो लावत नाही.

परवा तोच बार परत फेस केला. नख फिरवलं, कुठे अडकलं नाही.