तेल्याला ‘बुरशी’ म्हणाला आणि ३९,५०० घेऊन गेला

डाळिंबाच्या तेल्या रोगावर ‘खात्रीचं’ औषध म्हणून ३९,५०० रुपये गेले. बांधावर येऊन बाटल्या विकणारे ‘सल्लागार’ तुम्हालाही ठाऊक आहेत, हा त्यातलाच एक, त्यामुळे फक्त हिशेब सांगतो. लिटरची बाटली ३,८५० ला, अशा ८ म्हणजे ३०,८००. तीन व्हिजिटचे ४,५००. वर ‘पांढरी मुळी चालवायची’ पावडर ४,२००. बिल मागितलं तर वहीच्या पानावर आकडे लिहून दिले. तिथेच त्याला गेटाबाहेर काढायला हवं होतं.

त्यानं भिंग काढलं, पान दहा सेकंद बघितलं आणि म्हणाला, “बुरशी आहे, सर्कोस्पोरा.” दुसऱ्या हातात फळ होतं, त्यावर वाय आकाराची चीर! सर्कोस्पोराचे काळे ठिपके कोरडे असतात, त्यानं फळ असं तडकत नाही. तेल्या हा बुरशीचा रोगच नाही, झान्थोमोनास जिवाणूचा आहे. पान उजेडासमोर धरा, ठिपका पाणी मुरल्यासारखा तेलकट दिसतो, भोवती पिवळसर कडा. तरी शंका असेल तर ठिपक्याची कड ब्लेडनं कापून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा. सूक्ष्मदर्शकाखाली कापलेल्या कडेतून दुधाळ धूर निघताना दिसला की जिवाणू. हे सगळं मला येतं. दुसऱ्यांना दाखवलेलंही आहे. पण मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर धरलेला, लिंबाएवढी फळं आणि नऊ दिवसांची झड. अशा वेळी कुणी ‘थांबवतो’ म्हटलं की माणूस ऐकतो.

खरी चूक पुढे झाली. पहिल्या फवारणीनंतर आठवड्यात नवे ठिपके थांबले. मी खूश झालो आणि उरलेल्या बाटल्यांचे पैसे पाठवले. पाऊस त्याच आठवड्यात उघडला होता! उघडीप पडली, पानं कोरडी राहिली की तेल्याचा जोर आपोआप कमी होतो. शेवटच्या ओळीतली ११ झाडं टाकी संपल्यामुळे फवारायची राहिली होती, तीही तितकीच स्वच्छ होती. ती रोज डोळ्यांसमोर होती. पुन्हा झड लागली आणि सगळा बाग सारखाच काळवंडला. कुठलंही नवं औषध मारताना एक ओळ मुद्दाम सोडा, बाकी कुणाचं ऐकू नका.

तक्रारीला गेलो. तालुक्याच्या कार्यालयात म्हणाले, “फोडलेल्या बाटलीचा नमुना चालत नाही, सीलबंद आणा.” सीलबंद कुठून आणू, सगळ्या फवारून झाल्या! तिथून पंचायत समिती, तिथून जिल्ह्याला, तिथून परत तालुक्याला. पोलीस म्हणाले, पैसे स्वखुशीनं दिलेत, दिवाणी बाब आहे. ग्राहक आयोगात पहिला प्रश्न, “बिल आहे का?” चार चकरांत गाडीभाडं आणि दिवस गेले ते हिशेबात धरलेलेच नाहीत. लेबलवर नोंदणी क्रमांक, बॅच, उत्पादकाचा पत्ता नसेल तर बाटली हातात घेऊ नका. ‘सर्व रोगांवर एकच’ असं छापलेलं असेल तर तिथेच विषय संपवा. आणि एक बाटली फोडू नका, बाजूला ठेवा.

आता काम जुन्याच पद्धतीनं चाललंय. रोगट फांदी डागाच्या दोन इंच खालून कापायची, दर झाडाला कात्री सोडियम हायपोक्लोराइटमध्ये (जंतुनाशक) बुडवायची, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप. पडलेली पानंफळं गोळा करून जाळायची. बागेच्या विश्रांतीच्या काळात १ टक्का बोर्डोची फवारणी: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगळ्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र ओतायचं. लोखंडी सुरी बुडवून बघा, तिच्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. द्रावण त्याच दिवशी संपवा. रोगाचं निदान पक्कं हवं असेल तर सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथे पान आणि फळ दोन्ही न्या.

तो गडी परवा शेजारच्या शिवारात बाटल्या उतरवताना दिसला. नंबर बदललाय, मोटारसायकल तीच आहे.