छोट्या ट्रॅक्टरने जड लाकूड उतरवताना: लोडर, जिब आणि दोन वासे, आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांपूर्वी २६ हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरला पुढे लोडर (हायड्रॉलिकवर उचलणारे दोन बाहू), त्यावर पॅलेट फोर्क (मालाखाली घालायचे लोखंडी काटे) आणि मागे थ्री-पॉइंटवर, म्हणजे अवजारं जोडायच्या तीन दांड्यांवर, बसणारा जिब (टोकाला हुक असलेला लांब दांडा) असा संच घेतला. काम एकच. ट्रॉलीवरून आलेले ओंडके आणि तुळया आरायंत्राशेजारी खाली घ्यायच्या. तेव्हापासून चाळीसेक ट्रॉल्या रिकाम्या केल्या. निकाल आधीच सांगून टाकतो: फोर्क रोज लागतात, जिबसाठी घातलेले पैसे वाया गेले, आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडले ते संचात नसलेले दोन जाड वासे आणि एक जोडी रस्से.

सुरुवात माहितीपत्रकातल्या आकड्यापासून करतो, कारण माझी पहिली फसगत तिथेच झाली. लोडरची क्षमता ४८० किलो लिहिलेली होती. हा आकडा बाहूंच्या टोकाला ज्या पिना असतात, तिथला. माल पिनांवर थोडाच ठेवतो आपण? तो फोर्कवर असतो, पिनांच्या निदान अर्धा मीटर पुढे. शिवाय फोर्क आणि त्यांची चौकट मिळून ९० किलो, तेही लोडरच उचलणार. माझ्या लोडरच्या मापाने हिशेब केला तर हाती २८० किलोच्या आसपास उरतात. ४८० म्हणून घेतलं आणि २८० निघालं.

दुसरी फसगत लाकडाच्या वजनाची. ओलं लाकूड साधारण पाण्याइतकंच जड धरावं, म्हणजे घनफुटाला २५ ते ३० किलो. हे माहीत होतं. पण घनफूट किती? मी मालाच्या यादीतला आकडा घेत होतो, आणि तो काढलेला होता गोलाईच्या चौथाईने: गोलाईला चारने भागा, वर्ग करा, लांबीने गुणा. लाकडाच्या व्यवहारात ही जुनी रीत आहे आणि व्यवहारापुरती ठीक आहे. पण गोल ओंडक्याचं खरं घनफळ तिच्यात फक्त ७८.५ टक्के धरलं जातं. आरायंत्रावर बाजूच्या फळ्या निघून जातात, तेव्हा घेणाऱ्याला ही सूट सोयीचीच. लोडरला मात्र ओंडका पुरता उचलावा लागतो. यादीतल्या घनफळाला १.२७ ने गुणलं की खरं घनफळ मिळतं.

हे मला कळलं कसं? १२० सेंटिमीटर गोलाईचा, अडीच मीटर लांबीचा ओंडका होता. यादीच्या हिशेबाने २२५ किलो. म्हटलं, २८० च्या आत आहे, चला. खरं वजन होतं २८५ च्या घरात. त्यात त्या दिवशी मागचा जिब काढून ठेवला होता आणि त्याच्या जागी काहीच लावलं नव्हतं. ट्रॉलीवरून ओंडका उचलला, मीटरभर उंचीवर असतानाच ट्रॅक्टर मागे घेतला आणि स्टिअरिंग जरा वळवलं. उजवं मागचं चाक वीतभर वर आलं.

एकच चाक का उचललं, हे नंतर नीट बघितलं. छोट्या ट्रॅक्टरचा पुढचा आस (अ‍ॅक्सल) मध्यभागी एका पिनेवर झुलता असतो. त्यामुळे ट्रॅक्टर चार चाकांवर उभा दिसला, तरी तोलाच्या दृष्टीने तो तीन टेकूंवर असतो: मागची दोन चाकं आणि पुढची ती एक पिन. पुढे वजन उचललं की तोल त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकतो, आणि तिथे बाजूला कलंडायला फार थोडं पुरतं. वजन जितकं उंच, तितकं ते लवकर होतं.

पुढची चूक घाबरून झाली. लोडर खाली घ्यायला त्याचा लिव्हर अख्खा पुढे ढकलला. तिथे शेवटी फ्लोटचा खटका असतो. लिव्हर त्यात अडकला की लोडर तेलाच्या आधाराशिवाय मोकळा पडतो. ओंडका दाणकन खाली, मागचं चाक दाणकन खाली, आणि माझे दात एकमेकांवर. रोल बार (ट्रॅक्टर उलटला तर चालवणाऱ्याला वाचवणारी लोखंडी कमान) उभा होता, बेल्ट लावलेला होता आणि मदतीचा माणूस वीस फुटांवर होता म्हणून हे हसत सांगता येतंय. (रोल बार दुमडलेला असेल तर मात्र बेल्ट लावायचा नाही. ट्रॅक्टर उलटला तर आपण सीटलाच जखडलेले राहतो.) आता फ्लोटच्या आधी लिव्हर अडेल असा लोखंडी तुकडा बसवून घेतलाय.

त्या दिवसापासून मागे २५० किलोचा काँक्रीटचा ठोकळा कायम असतो. टायरमध्ये पाणी भरलं की भागतं, असं बरेच जण म्हणतात. पाण्याने ट्रॅक्टर बसका होतो हे खरं, पण ते वजन मागच्या आसावरच बसतं. पुढच्या आसावरचा भार त्याने कमी होत नाही. ठोकळा मागच्या आसाच्या मागे लटकतो, म्हणून तो तराजूसारखा पुढचा भार उचलून धरतो. शिवाय ब्रेक मागच्याच चाकांना असतात. मागची चाकं हलकी झाली आणि उतार असला, की ब्रेक दाबून काही होत नाही. म्हणून ओझं उचलण्याआधी फोर व्हील ड्राइव्ह घालतो. मग निदान पुढची चाकं तरी गियरमधून धरून ठेवतात.

तुळया आणि चौकोनी मालासाठी फोर्क उत्तमच आहेत. ट्रॉली भरतानाच थरांमध्ये चार इंची ठोकळे घालायला सांगावं, नाहीतर फोर्क घुसायला जागा राहत नाही आणि पहारीने फट पाडण्यात अर्धा तास जातो. नेताना माल जमिनीपासून फूटभरच वर, आणि उतारावर ओझं नेहमी चढाच्या बाजूला: चढताना पुढे, उतरताना रिव्हर्स. गोल ओंडका फोर्कवर उंच नेणं मी पूर्ण बंद केलं. फोर्क जरा जास्त मागे कलले की तो बाहूंवरून घरंगळत थेट चालवणाऱ्याच्या मांडीवर येऊ शकतो.

आता जिब. घेताना वाटलं होतं, छोटी क्रेनच मिळाली. लोडर काढून ट्रॅक्टर वजनकाट्यावर नेला: एकूण ९५० किलो, त्यातले ४०० पुढच्या आसावर. दोन आसांमधलं अंतर दीड मीटर, जिबचा हुक मागच्या आसापासून दोन मीटर मागे. ४०० गुणिले दीड, भागिले दोन. हुकाला ३०० किलो लागले की पुढची चाकं हवेत. पण तिथवर जायचंच नसतं. स्टिअरिंग चालायला ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान २० टक्के भार पुढच्या चाकांवर राहायला हवा. तो राखला आणि जिबचं स्वतःचं वजन धरलं, तर हुकाला उरतात जेमतेम सव्वाशे किलो. एवढं तर दोघं-तिघं खांद्यावर नेतात. लोडर चढवलेला असला की आकडा सुधारतो, पण लटकलेली तुळई झुलते ती झुलतेच. आणि जिबच्या हुकाला बांधून ओंडका ओढणं, ही तर ट्रॅक्टर मागे उलटवायची तयारीच. ओढायचं ते ड्रॉबारलाच (ट्रॉली जोडायच्या मागच्या पट्टीलाच) बांधून, कारण तो आसाच्या खाली असतो. बांधण्याची जागा आसाच्या वर गेली आणि ओंडका अडला, तर पुढचं तोंड उचलतं, आणि पाऊण सेकंदात गोष्ट हाताबाहेर गेलेली असते. क्लचपर्यंत पाय पोचत नाही.

तिसऱ्या महिन्यात ६०० किलोचा एक ओंडका आला. लोडरच्या आवाक्याबाहेर, जिबच्या तर विचारूच नका. मी डोकं खाजवत बसलो होतो. काका म्हणाले, "उचलतोस कशाला? उतरवायचाच आहे ना?"

त्यांनी दाखवलेली रीत अशी. सहा इंच बाय चार इंचाचे, तीन मीटर लांबीचे दोन वासे ट्रॉलीच्या बाजूला तिरके टेकवायचे. वरच्या टोकाला लोखंडी पट्टीचा आकडा, म्हणजे ते निसटत नाहीत. ट्रॉलीच्या चाकांना दोन्हीकडून उटी (अडकण). रश्श्याचं एक टोक ट्रॉलीच्या चौकटीला पक्कं बांधायचं, रस्सा ओंडक्याखालून बाहेरच्या बाजूला काढायचा, वळसा देऊन वरून परत आणायचा आणि ट्रॉलीच्या पलीकडे उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ड्रॉबारला बांधायचा. असे दोन रस्से, ओंडक्याच्या दोन्ही टोकांपासून सारख्या अंतरावर. ट्रॅक्टरची पाठ ट्रॉलीकडे. रस्सा ताणायचा, ओंडका पहारीने काठावर आणायचा, आणि मग ट्रॅक्टर सगळ्यात खालच्या गियरमध्ये हळूहळू रिव्हर्स. रस्सा सुटत जातो तसा ओंडका वाशांवरून अलगद लोळत उतरतो.

यात ट्रॅक्टर उचलत काहीच नाही, फक्त धरून ठेवतो. ट्रॉली मीटरभर उंच आणि वासे तीन मीटर, म्हणजे ओंडक्याचा खाली ओढणारा जोर वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतका: २०० किलो. ओंडकाच इथे फिरत्या कप्पीसारखा, त्यामुळे दोन्ही रश्श्यांवर मिळून ताण त्याच्या निम्मा. ६०० किलोचा ओंडका आणि ड्रॉबारवर १०० किलो! बदल्यात ट्रॅक्टरला दुप्पट सरकावं लागतं, तीन मीटरला सहा मीटर. मागे तेवढी जागा मोकळी ठेवा.

पहिल्या वेळी बुंध्याकडची जाड बाजू पुढे धावली आणि ओंडका वाशांवर तिरपा झाला. थांबलो, तिकडचा रस्सा आखडून घेतला, पुन्हा सुरू. ट्रॉलीच्या ज्या कडेवरून रस्सा जातो तिथे पाइपचा तुकडा घातला नाही, तर दोन खेपांत रस्सा कातरतो. माझा एक गेला. वाशांच्या समोर आणि ओंडक्याच्या उतरत्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही, टोपी पडली तरी उचलायला जायचं नाही.

पट्ट्यांबद्दल थोडंच. माल बांधायचे रॅचेट पट्टे उचलायला वापरू नका. उचलायला गोल स्लिंग (ओझ्याभोवती घालायचा बंद पट्टा) घ्या आणि त्याचा रंग बघा: जांभळा १ टन, हिरवा २ टन, पिवळा ३ टन. आणि दोन पायांचा स्लिंग फार पसरट लावू नका. आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन झाला, तर प्रत्येक पायावर अख्ख्या ओझ्याइतका ताण येतो.

मालाचे पट्टे सोडण्याआधीचा क्षणही सांगायला हवा. वाटेत माल सरकलेला असतो आणि बाजूच्या खुंट्यांवर रेललेला असतो. आधी दोन्ही बाजूंनी फिरून बघतो, रेललेल्या बाजूला फोर्क टेकवतो, आणि मगच पलीकडून पट्टे सैल करतो. एकदा पट्टा सुटल्यावर फोर्कवर 'धप्प' असा आवाज आला होता. फोर्क नसते तर तो माल माझ्या पायांवर आला असता.

आठ महिन्यांतली झीज: लोडरच्या चौकटीचे बोल्ट दोनदा सैल झाले, आता दर दहा तासांनी पाना लावतो. सालीवर घासून एक हायड्रॉलिक पाइप गेला. बाकीच्यांवर जुन्या पाइपचं आवरण चढवलं. पुढच्या आसाचं ऑइल सील डावीकडून झिरपतंय, आणि त्याला जबाबदार ठोकळ्याविना काढलेले पहिले दोन महिने, म्हणजे मीच. फोर्क सरळ आहेत, पिनांना थोडा खेळ आलाय. जिबवर सध्या रस्से वाळत घालतो.